सुमनताईंचा क्लच पुन्हा का जळला

"बाई क्लचवर पाय ठेवून चालवतात. तसा रिपोर्ट लिही आणि मोकळा हो," आमचे मॅनेजर फोनवर म्हणाले.

मी ट्रॅक्टरच्या शोरूमचा सर्व्हिस इंजिनिअर. तेर गावाजवळच्या शेतात सुमनताईंच्या छोट्या ट्रॅक्टरपाशी उभा होतो. याच वर्षात दुसऱ्यांदा त्यांची क्लचप्लेट जळली होती. इंजिनाची ताकद गिअरकडे पोचवणारी ही चकती. पेडलवर अर्धवट पाय राहिला की ती घासून जळते. त्यामुळे मॅनेजरचं म्हणणं मलाही पटत होतं, आणि ताईंसमोरच मी रिपोर्टात तसं लिहिलंही.

ताईंचे दीर भास्करराव म्हणाले, "म्या सांगितलंच व्हतं. आता ट्रॅक्टर मीच चालवणार. वहिनींनी घर बघावं."



नवीन प्लेट बसवली आणि म्हणालो, "ताई, नांगर तुम्हीच चालवा. मी मडगार्डवर बसतो."

अर्धं शेत होईपर्यंत मी त्यांच्या पायाकडं बघत होतो. पाय पेडलपासून लांब. तरी जळका वास यायला लागला. मी पुरता गोंधळलो.

मागच्या चाकांना बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, वजनं लावलेली होती. छोटा ट्रॅक्टर हलका. ओढताना चाकं घसरतात, टायर झिजतात, म्हणून वजन लावतात. पण ते जास्त झालं की चाक घसरतच नाही, आणि सगळा ताण क्लच-गिअरवर येतो. मला वाटलं, सापडलं! वजनं उतरवली.

काही फरक नाही. काळ्या मातीत नांगर अडकला की इंजिन ओरडायचं, चाक मात्र तसूभरही फिरत नव्हतं. एवढ्या हलक्या ट्रॅक्टरला ही पकड आली कुठून?

"मग पायच," मॅनेजर फोनवर म्हणाले.

"पाय मी बघितलाय, सर."

"मग काय?"

"माहीत नाही."

टायरमध्ये हवा कमी असेल, म्हणून गेज लावायला वाकलो. चाकाचा व्हॉल्व्ह नेमका खाली आला होता. गेज दाबला आणि पाण्याची पिचकारी थेट शर्टावर.

"टायरमध्ये पाणी?" मी विचारलं.

भास्कररावांनी कपाळाला हात लावला. "आरं व्हय की! गेल्या हंगामात ढोकीच्या कारखान्याला ऊस नेताना चाकं लई घसरत व्हती. म्याच भरून घेतलं. ध्यानातच न्हाय राहिलं."

पाणी भरणं ही वजन वाढवायची नेहमीचीच पद्धत. पण इथं वरून बीडही होतं, आणि ताईंना पाण्याचा पत्ताच नव्हता. पाणी बिडाहून कितीतरी जड, म्हणून नुसती वजनं उतरवून फरक पडला नव्हता. आम्ही पाणी काढलं, वजनं परत लावली. नांगर अडकला तेव्हा चाक जागीच जरासं फिरलं. वास आला नाही.

मॅनेजरना कळवलं. ते म्हणाले, "पाणी कंपनीनं भरलं नव्हतं. क्लच वॉरंटीत बसणार नाही."

मी ताईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "क्लचचं राहू द्या. रिपोर्टातनं माझा पाय तेवढा काढा."

तो काढला. ट्रॅक्टर अजून ताईच चालवतात आणि ती प्लेट अजून शाबूत आहे. मागचे टायर मात्र थोडे जास्त झिजतात. झिजू देत. टायर बाहेरून दिसतो, काढून बदलता येतो. क्लचसाठी अख्खा ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो.