‘टेक’चे सदुसष्ट अर्थ

इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत त्यांना सगळे ‘एकशब्दी’ म्हणत. बाकीच्यांनी अकरा वर्षांत अख्खी अक्षरं हातावेगळी केली. यांनी इंग्रजीतलं एकच क्रियापद धरलं, ‘टेक’, आणि त्यातच रुतून बसले. चेष्टा करणाऱ्यांना ते शांतपणे सांगत, “अहो, ‘घेणे’ हा अर्थ कोणीही लिहील. उरलेल्या सहासष्टांचं काय?”

ते काही खोटं नव्हतं. तिकडे काम वेळ ‘टेक’ करतं, आपल्याकडे वेळ लागतो. तिकडे फोटो घेतात, आपण काढतो. तिकडे पाहुण्याला खुर्ची घ्यायला सांगतात, आपण नुसतं “बसा” म्हणतो आणि खुर्ची जागच्या जागी राहते. असे सदुसष्ट अर्थ, सदुसष्ट कार्डं. वर इंग्रजी वाक्य, खाली मराठी.

कचेरीचा नियम मात्र खाष्ट होता. मराठी वाक्य इंग्रजी न येणाऱ्या माणसाला ऐकवायचं, आणि ते भाषांतर आहे याचा त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. पत्ता लागला की माणूस सावध होतो आणि कशालाही मान डोलावतो. ऐकणारा गोंधळला नाही तर वाक्य पास. बाकीचे लोक शिपायाला गाठत आणि तो बापडा चहाच्या आशेवर सरसकट पास करी. एकशब्दींना असली बनवाबनवी खपत नसे. त्यांनी बायकोला धरलं.

बायको घरी शिवणकाम करायची. तोंडात टाचण्या, पायाखाली मशीन, कान मात्र तिखट. एकदा ‘आय टेक इट’चं कार्ड खिशात ठेवून, चपला घालताना एकशब्दी म्हणाले, “मी असं समजतो की तू येत नाहीस.” मशीन थांबलं. “बरं वाटत नाही का तुम्हाला?” नापास. आठवड्याने पुन्हा, त्याच चपला घालताना: “म्हणजे तू येत नाहीस तर!” “नाही हो, गिऱ्हाईक यायचंय.” पास! जिना उतरता उतरताच त्यांनी कार्डावर तारीख टाकली.

असा संसार चालला होता. बायको शेजारणीला कौतुकाने सांगे, “आमचे हे आताशा बोलतात हो माझ्याशी. पूर्वी नुसते घुम्म असायचे.”

मग नव्या मुख्य संपादकबाई आल्या आणि त्यांनी फर्मान काढलं: कार्डावर ऐकणाऱ्याची स्वतःची सही हवी. शुक्रवारपर्यंत सह्या आल्या नाहीत, तर ‘टेक’ जुन्या कोशातल्या सहाच अर्थांनिशी छापायला जाईल. म्हणजे अकरा वर्षं पाण्यात. “घरचीच माणसं ना? मग पाच मिनिटांचं काम,” बाई म्हणाल्या. बाईंचं लग्न झालेलं नसावं, असं एकशब्दींना वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी कार्डांचा गठ्ठा शिवणाच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. बायकोने हातातलं कापड बाजूला केलं, चष्मा चढवला आणि एकेक कार्ड वाचायला घेतलं.

“‘बसा.’ हे यासाठी होतं होय? मला वाटलं, उतारवयात मान द्यायला लागलात.” सही.

“‘तू अगदी आईवर गेली आहेस.’ यावर मी दोन दिवस भांडले होते.”

“हो ना. अर्थ बरोबर पोचला होता.” सही.

एकशब्दींचा जीव जरा भांड्यात पडला. तेवढ्यात तिचा हात एका कार्डावर थांबला. ‘आता मला सहन होत नाही.’ खाली तारीख, आणि शेरा: ‘ऐकणारी ताबडतोब जवळ आली. पास.’

तो दिवस तिच्या चांगला लक्षात होता. हातातलं काम टाकून ती अंधार पडेपर्यंत त्यांचा हात धरून बसली होती. पुढे महिनाभर, हा माणूस जिवाचं बरंवाईट करून घेईल या धास्तीने गॅलरीच्या दाराला कुलूप लावत होती.

“काय सहन होत नव्हतं?” तिने विचारलं.

“काही नाही. बरं चाललं होतं.”

तिने हात धरला तेव्हा त्यांना फार बरं वाटलं होतं, आणि स्वतःची लाजही वाटली होती. पण शेऱ्याच्या जागेत एवढं मावत नव्हतं.

“म्हणजे इतकी वर्षं तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता. मला ऐकवत होता.”

सदुसष्ट अर्थ गोळा केलेला माणूस टेबलावरच्या टाचण्या गोळा करू लागला. बायकोचे डोळे भरले होते, पण तिने उरलेल्या सगळ्या कार्डांवर सह्या केल्या. ते एक मात्र बाजूला काढलं.

“हे नापास.”

“अगं, मराठी चोख आहे त्यातलं!”

“मराठीला कोण काय म्हणतंय?”

शुक्रवारी सहासष्ट कार्डं कचेरीत गेली. ‘टेक’चा ‘सोसणे’ हा अर्थ त्या कोशात आजही नाही. वाचकांची तक्रारीची पत्रं येतात आणि एकशब्दी स्वतः उत्तर लिहितात: सदर अर्थ ऐकणाऱ्या व्यक्तीने अमान्य केला आहे.

त्याच शुक्रवारी जेवताना ते म्हणाले, “जरा भाजी वाढ.”

बायकोचा डाव हवेतच थांबला. “हे कशासाठी?”

“भूक लागली आहे.”

तिने त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि मगच वाढली.