गुलजारबींचा डबा आणि हायाशी साहेब

गुलजारबींना मी बारा वर्षं ओळखत होते. पण दारात चपला काढून, मग खाली वाकून त्यांची टोकं रस्त्याकडे फिरवताना त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते २००३ साली.

"हे काय नवीन?"

"जाताना बरं पडतं, ताई. पाय घातला की निघालं. आमचे सायेब सगळ्यांची पायताणं आशी फिरवून ठिवत्यात. त्या गेटवरच्या रखमाजीची सुदीक!"

सायेब म्हणजे हायाशी साहेब. शिवऱ्याजवळ हायवेवरच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले जपानी इंजिनियर. गुलजारबी तिथल्या गेस्ट हाउसवर स्वयंपाकाला होत्या. सकाळी भोरहून कापूरहोळपर्यंत जीप, पुढे मिळेल तो टेम्पो. नवरा गेल्यावर त्यांनी लग्नाकार्याच्या बिर्याण्या करून घर चालवलं. ही त्यांची पहिली पगाराची नोकरी, आणि लेक हुमाचा नर्सिंगचा कोर्स तिच्यावरच चालला होता.

सुरुवातीला चुकाही झाल्या. एकदा संडासाच्या दारातल्या सपाता पायात घालून त्या तशाच स्वयंपाकघरात गेल्या, तर साहेब पांढरेफटक पडले. "नव्याकोऱ्या सपाता व्हत्या, ताई! पर त्यांच्यात ती हद्द वलांडायची न्हाई." एकदा भातात चमचा उभा खोचून ताट दिलं. साहेबांनी तो हळूच आडवा केला. जपानात मयताच्या भातात जेवायच्या काड्या तशा उभ्या करतात, हे मी पुस्तकात वाचून त्यांना सांगितलं.

पुस्तकाचं असं, की आमचा मुलगा सौमित्र त्याच कारखान्यात लागला होता आणि त्याला सहा महिने जपानला पाठवायचं घाटत होतं. तिथे तो कुठे काय चुकीचं करून बसेल, या काळजीने मी पुण्याहून जपानी रीतिरिवाजांचं एक पुस्तक मागवलं. वाचलेलं सौमित्र काही ऐकून घेईना. गुलजारबी घ्यायच्या. त्यांना मी ठणकावून सांगितलं, "जपानी माणूस भेटीला परतभेट देतोच. नाकारू नका, फार लागतं त्यांना."

इथेच माझं चुकलं.

ईदेला त्यांनी डबाभर शीरखुर्मा नेला. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन-पुसून परत आला, आत बिस्किटं. आता भरून आलेला डबा आपल्याकडे कोणी रिकामा ठेवतं का? आणि आलं त्याहून थोडं जास्तच द्यायचं, ही गुलजारबींची आईपासूनची शिकवण. त्यांनी हिर्डोशी खोऱ्यातल्या नाचणीचे आठ लाडू नेले. डब्यातून रुमाल आला. त्यांनी सोळा लाडू नेले. चहाचे दोन पेले आले. महिन्याभरात त्यांच्या फळीवर सहा रुमाल, चार पेले आणि एक घडीची छत्री जमली. तिकडे साहेबांना पट्टा दोन भोकं सैल करावा लागला.

"ताई, त्यो दमलाय, मी बी दमले. पर थांबायचं कुणी?"

थांबवलं रखमाजींनी. गेटवर पिशव्या तपासायचं काम त्यांचं.

"चाची, डब्यात काय?"

"पंखा हाय. कागदाचा."

"काल पेला, आज पंखा. उद्या यंत्र न्याल डब्यातनं! पाव्हण्याकडनं वस्तू घ्यायची न्हाई, कायदा हाय हितला. पंधरा दिस देतो. त्येवढ्यात डबा मोकळा भाईर आला न्हाई, तर दुसरी बाई बघावी लागंल."

गुलजारबी माझ्याकडे येऊन रडल्या नाहीत. डबा मांडीवर घेऊन बसल्या, ते जास्त वाईट. रिकामा डबा धाडून साहेबांचा अपमान कसा करायचा, आणि नाही धाडला तर हुमाचं काय?

आमचे हे, नारायणराव, पेपरातून डोकं काढून म्हणाले, "तुझं वाचन लोकांच्या नोकऱ्या खाणार!"

मी तडक पुस्तक उघडलं. भेटीचं प्रकरण मी अर्धंच वाचलं होतं. उरलेल्या अर्ध्यात लिहिलं होतं, की परतभेट साधारण निम्म्याची असावी.

म्हणजे साहेब बिचारे दर वेळी निम्म्यावर आणत होते, आणि गुलजारबी दुप्पट करत होत्या!

"मग मी बी निम्मं करू?" गुलजारबींना ते कंजूषपणाचं वाटलं. पण मी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी चार लाडू गेले. दोन बिस्किटं आली. एक लाडू गेला. अर्धं बिस्कीट आलं, सुरीने अगदी सरळ कापलेलं. चौदाव्या दिवशी गुलजारबींनी नखाएवढा लाडवाचा तुकडा कागदात बांधून डब्यात ठेवला. साहेबांनी तो उघडला, बघितला, आणि कधी नव्हे ते खो खो हसले. तुकडा तोंडात टाकला. डबा धुतला, पुसला, दोन्ही हातांनी पुढे केला आणि वाकले. गुलजारबीही वाकल्या, कंबर धरून.

गेटवर रखमाजींनी झाकण काढलं. डब्यात काहीच नव्हतं.

"जावा चाची. नोकरी ऱ्हायली."

पण गुलजारबी हलेनात.

"आता काय?"

"रिकामा डबा घरी कसा न्यू, रखमाजी? बरं दिसतं का ते?"

रखमाजींनी इकडेतिकडे पाहिलं. मग स्वतःच्या पिशवीतले दोन पेरू काढून डब्यात टाकले.

दुसऱ्या दिवशी रखमाजींना चार लाडू गेले.