गजांतून बाहेर आलेला कापूस

त्या वर्षांत आमच्या गावात गळ्यात कॅमेरा घालून हिंडायची सोय राहिली नव्हती. कापसाने माणसं मरत होती आणि पेपरात आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव कायम पहिल्या पानावर असायचं. मोठ्या शहरांतून गाड्या यायच्या, त्यातून कॅमेरेवाले उतरायचे आणि कोणाच्या घरचा माणूस गेला, हे विचारत बोळाबोळातून फिरायचे. ज्या घरातलं रडणं संपलं होतं, तिथे पुन्हा रडायला लावून फोटो काढायचे. कॅमेरा दिसला की बायका दार ओढून घेत. माझ्याकडेही एक जुना, रोलचा कॅमेरा होता, लांब लेन्सचा. मी गावातल्याच शाळेत शिकवायचे, लग्न केलेलं नव्हतं, आईवडिलांजवळ राहत होते. तो कॅमेरा घेऊन मी फाटकाबाहेर कधी गेले नाही. घरात बसून खिडकीतून अंगणातल्या पाखरांचे फोटो काढायचे. पाखरं निदान दार लावून घेत नाहीत.

वडील तहसील कचेरीत बाबू होते, तेव्हा निवृत्त झालेले. गावाचे सातबारे त्यांना तोंडपाठ, पण वावरात गेले तर आपला धुरा, म्हणजे बांध, कोणता हे आईला दाखवावं लागे. शेती आईची. तिच्या वडिलांनी तिला दिलेली आणि तिने एकटीने सांभाळलेली. दिवाळीनंतर वेचलेला कापूस घरी आला आणि पुढच्या खोलीत रचला गेला. थोडे दिवस ठेवू, भाव आला की विकू, असं सगळं गावच म्हणत होतं. त्यामुळे सगळ्या गावाच्या पुढच्या खोल्या भरलेल्या होत्या आणि पाहुणा आला की त्याला ओसरीवर बसवत.

आमच्या खोलीत कापूस आढ्याला टेकला. माझी खिडकी त्यात बुडाली. मी चिडले, धुसफुसले, आणि शेवटी कापसातच एक बीळ करून खिडकीपाशी जाऊन बसले. तिथे कळलं, की यापेक्षा चांगली जागा मला आयुष्यात मिळाली नसती. चहूबाजूंनी कापूस, मधे मी, आणि खिडकीच्या एका झडपेच्या फटीतून बाहेर आलेली लेन्स. पाखरांना माणूस दिसतच नव्हता. अंगाला खाज सुटायची, मानेवर पुरळ उठायचं, पण बुलबुल इतका जवळ यायचा की त्याच्या डोळ्यात खिडकी दिसायची.

दुसऱ्या झडपेच्या बाजूच्या गजांतून कापूस फुगून बाहेर आला होता. फाल्गुनात तो शिंपी पाखराच्या मादीने हेरला. शेपटी उभी ठेवून चिवचिवणारं, मुठीत मावेल एवढं पाखरू. अंगणातल्या बदामाची दोन पानं तिने शिवायला घेतली होती आणि आत अंथरायला तिला मऊ काहीतरी हवं होतं. समोरच्या जास्वंदीवर बसायची, इकडेतिकडे बघायची, झेप घेऊन गजातला कापूस ओढायची, पुन्हा जास्वंदीवर. चोचीत कापूस धरून बसलेली ती मला हवी होती. रोल संपत होते आणि ती हलतच होती.

मी हे आईला सांगितलं, तेव्हा वडीलही तिथेच पेपर वाचत होते. ती मधल्या खोलीत तिच्या गादीवर उशांना टेकून बसलेली असायची. गादीही तिच्याच वावरातल्या कापसाची, पिंजाऱ्याला समोर बसवून भरून घेतलेली. विकतच्या गादीवर तिला झोप येत नसे.

"फुकटात नेऊन राह्यली?" आई म्हणाली. "भाव इचार तिले."

ती हसली आणि हसता हसता तिला धाप लागली. दमा तिला आधीपासून होता. पण कापूस घरात आल्यापासून तो वेगळाच झाला होता. भिंतीपलीकडच्या खोलीतली कस, कापसाची ती बारीक धूळ, दाराच्या फटीतून, कपड्यांतून, माझ्या केसांतून तिच्यापर्यंत जात होती. डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, औषध काय ते नंतर, आधी घरातला कापूस काढा.

वडिलांनी व्यापाऱ्याला बोलावलं. मेटॅडोर फाटकाशी थांबली. व्यापाऱ्याने खिडकीतून मान काढली आणि भाव सांगितला. आई भिंत धरत धरत ओसरीवर आली.

"परत जा," ती म्हणाली.

वडिलांनी खूप समजावलं. मी तर भांडलेच. म्हटलं, "तुझा श्वास महाग की कापूस?"

"दोनी माहेच हायेत," ती म्हणाली. "मी कंबर मोडून वेचला. अन् हा मानूस गाडीतून खाली नाई उतरत. बसल्या जागून भाव सांगते. असा नाई द्याचा मले."

"अवं पण तुले काही झालं तर?" वडील म्हणाले.

"तर मंग इका तुमी," ती म्हणाली. "मी आडवी येनार नाई."

मला तिचा संताप आला होता. आजही येतो. तिला मावशीकडे हलवू म्हटलं, तर म्हणाली, मी गेले की तुम्ही दुसऱ्याच दिवशी विकाल. ओळखून होती आम्हाला. चैत्र सरता सरता एका सकाळी ती उशांना टेकलेलीच गेली. चहा बाजूला तसाच होता.

रिवाजाप्रमाणे तिचं अंथरूण बाहेर काढलं. गादी मागच्या कुंपणाशी टाकली, कोणीतरी नेऊन जाळणार होतं, पण त्या गडबडीत ते राहून गेलं. कुत्र्यांनी एक कोपरा फाडला. तेरवी झाली आणि वडिलांनी पुन्हा मेटॅडोर बोलावली. या वेळी व्यापारी खाली उतरला. वडिलांसमोर हात जोडून उभा राहिला, वहिनी फार भल्या होत्या म्हणाला आणि आधीपेक्षा कमी भाव दिला. वडिलांनी मान हलवली. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली. मी झाडून घेतली तेव्हा आवाज घुमत होता.

दुसऱ्या सकाळी मी खिडकीत बसले. आता बीळ नव्हतं, लपायला काही नव्हतं. वडील येऊन शेजारी बसले. ते कधी माझ्या पाखरांकडे फिरकले नव्हते. शिंपीण जास्वंदीवर आली. तिचं घरटं अजून पुरं व्हायचं होतं, की वाऱ्याने गेलेलं ती पुन्हा मांडत होती, मला ठाऊक नाही. ती गजांशी आली, रिकाम्या गजावर जरा वेळ बसली आणि उडून थेट कुंपणाशी गेली. गादीच्या फाटक्या कोपऱ्यातून तिने कापूस ओढला. मोठा पुंजका निघाला. तो घेऊन ती जास्वंदीवर येऊन बसली, आणि इतके दिवस जे केलं नव्हतं ते तिने केलं. चोचीत कापूस धरून ती आमच्या समोर स्वस्थ बसून राहिली.

माझा हात बटणावर होता. मला तो फोटो हवा होता आणि नकोही होता.

वडील तिच्याकडे पाहत होते. "भाव इचार तिले," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी गज धरला, कपाळ त्याला टेकवलं आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडले.

शिंपीण कापूस घेऊन बदामात शिरली. वडील तसेच बसून होते. ती परत येईपर्यंत मीही हलले नाही.