कसणारी काकी

काकी सगळ्या जगाला 'मेल्या' म्हणायची. बैलाला, कंडक्टरला, लांबलेल्या पावसालासुद्धा. एकदा तलाठी दारात आला तर म्हणाली, "मेल्या, सावलीत बस आधी, घामाघूम झालायस." तो बिचारा मुकाट्याने बसला. फक्त धाकट्या दिराला ती 'भावोजी' म्हणायची आणि त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. मला नेमका याचाच संताप यायचा.

रत्नागिरीजवळच्या पालीच्या अलीकडे आमचं गाव, आणि काकीचं घर आमच्या शेजारीच. नवरा गेल्यावर घरची भाताची तीन खाचरं ती एकटी कसायची. उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर वाळल्या फांद्या, शेण, पालापाचोळा पसरून पेटवायची, भाजावळ करायची आणि धुराने डोळे लाल करून घरी यायची. मी म्हटलं, "काकी, आता कोण करतं हे?" तर म्हणाली, "मेले, भात खातेस ना? मग गप बस."

जमीन दोघा भावांची, कागदावर मात्र एकट्या भावोजींची. काका वारले तेव्हा वारस म्हणून काकीचं नाव लावायचं राहिलं. राहिलं कसलं, लावलंच नाही. भावोजी डोंबिवलीला, जन्म कंपनीत गेला. शेतकऱ्यांना सरकारकडून येणारा हप्ता त्यांच्या खात्यात जमा व्हायचा. काकीने विचारलं की म्हणायचे, "सरकार नाव बघतं वहिनी, मी काय करणार?" काय करणार म्हणे! एक दिवस तलाठ्याकडे जाऊन सही करायची होती, एवढंच करायचं होतं.

एका वर्षी गणपतीला आले तेव्हा पांढराशुभ्र लेंगा सावरत ते बांधावर उभे राहिले. मागे हिरवंगार भात. "वहिनी, एक फोटो काढा बघू. इथे दाबा." काकीने हौसेने काढला. तिला वाटलं, मुंबईत मुलांना दाखवायला नेतायत. ती मोबाईलवरून करायची पिकाची सरकारी नोंद होती; शेतात उभं राहूनच करावी लागते.

कापणीच्या तोंडावर पाऊस आला आणि उभं भात आडवं झालं. लोंब्यांना पाण्यातच मोड आले. भरपाई जाहीर झाली तशी मी काकीला घेऊन रत्नागिरीच्या कचेरीत गेले. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, "काकी, पिकाची नोंद दिरांची आहे. पैसे त्यांनाच जाणार."

"लावलं मी, तण बेणलं मी, कुजलं ते पण माझंच," काकी म्हणाली. "मग मी कोण?"

 मॅडमच्या हातात काही नव्हतं हे मला आज कळतं. तेव्हा ते टेबल उलटं करावंसं वाटत होतं.  घरी आल्यावर काकीने माझ्याच फोनवरून भावोजींना सांगितलं, "पैसे ठेवा तुम्हाला. माझं नाव तेवढं लावा."

"बघू पुढच्या गणपतीला," ते म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात काकीच्या खाचरात धूर दिसला नाही. लावणीला ती दुसऱ्यांच्या शेतात मजुरीने गेली. स्वतःची जमीन सोडून! मी खूप बोलले. तिचं एकच, "पोट हाय ना बाय, ते भरायला नको?"

गणपतीला भावोजी मोबाईल घेऊन थेट शेतावर गेले. मी आणि काकी मागोमाग. समोर कंबरभर गवत.

"वहिनी, हे काय? भात लावलं नाही?"

काकीने पदर नीट घेतला. "शेतकरी डोंबिवलीत होता, भावोजी. त्याची वाट बघत होते."

 नाव त्यांनी त्याही गणपतीला लावलं नाही.

काकीला जाऊन दोन वर्षं झाली. खाचरांत आता रानडुकरं लोळतात. भावोजींचा हप्ता मात्र अजून वेळेवर येतो, शेतकरी म्हणून.