ग्रहणातला गेरू

अंगणात पत्नी तुळशीवृंदावनाला गेरू देत आहे. त्या ओल्या वासाने आमची देवणी गाय आठवली.

ती व्याली तेव्हा वासराचे कपाळ भोपळ्यासारखे फुगलेले होते आणि कवटी बोटाखाली दबत होती. ग्रहणात गाभण गाईच्या पोटाला गेरू लावायचा आमच्याकडे रिवाज. तो पत्नीकडून राहून गेला होता.

"तुझ्यामुळंच झालं हे!" आई तिच्यावर कडाडली. पत्नीला तेव्हा सातवा महिना होता. तिने दोन्ही हात स्वतःच्या पोटावर ठेवले.

"गेरूचा काय संबंध न्हाई, मावशी," गुरांचे डॉक्टर म्हणाले. "पोटातच डोक्यात पाणी भरलं. हे जगायचं न्हाई."

आईला ते पटले नाही. गाय मात्र ते फुगलेले डोकेच चाटत राहिली. आई बराच वेळ पाहत उभी होती. मग पत्नीजवळ जाऊन म्हणाली, "चल माय, घरात चल. गाईला लेकरात खोट दिसंना, मी कोण तुझ्यात काढणारी?"

वासरू संध्याकाळी गेले. पुढे आमचा मुलगा जन्मला, तेव्हा आईने सर्वांत आधी त्याचे डोके चाचपले. मला त्या वेळी हसू आले होते. गोठ्यातला तिचा राग म्हणजे हीच भीती होती, हे आता कळते.