गव्यांच्या वाटेवरची चूल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि माझं तिच्यापासून काही लपत नाही, असं तिला वाटतं. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. तरी सांगतो.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. एटापल्लीकडच्या जंगलात नवा रस्ता होत होता आणि मी तिथे मुकादम होतो. आवाज मोठा, छाती पुढे. आतून मात्र भित्रा — साहेबाला भिणारा, पाचोळा वाजला तरी दचकणारा.

रस्त्यासाठी आम्ही टेकडी खणली. एका बाजूला उभी दरड, दुसऱ्या बाजूला मातीचे ढिगारे. गव्यांचे कळप पूर्वी कुठूनही नाल्यावर पाण्याला उतरायचे. आता त्यांना एकच सपाट फट उरली होती. तिथे माडिया लोक येता-जाता हिरवी डहाळी टाकायचे. खूण अशी की, ही जनावरांची वाट आहे, इथे बसू नका, चूल मांडू नका. मला हे माहीत होतं. नीट माहीत होतं.

पण मजुरांचा तळ लांब. जाण्यायेण्यात दिवस मोडायचा, साहेब तापायचे. ही जागा सपाट, पाणी जवळ — मग मी काय केलं? नवी टोळी यायच्या आधी त्या डहाळ्या उचलल्या आणि नाल्यात फेकल्या. टोळी लांबच्या मूल गावाकडची, धानाच्या गावांतली. त्यांना काय कळणार?

स्वयंपाकाला कासाबाई होती, मजूर डोमाची बायको. चूल मांडताना तिला खुरांचे ठसे दिसले. तेव्हा तिथे आम्ही दोघंच होतो.

"मुकादम भाऊ, इथी जनावरं तं येत नाई ना?"

"नाई बाई. जुने हायेत ते. मांड बिनधास्त."

तिनं मांडली. दिवसभर माझं कामात चित्त नव्हतं. झाडीत काही हललं की मान तिकडे वळायची. तरी एकदाही म्हणालो नाही — बाई, ऊठ तिथून. का नाही म्हणालो? म्हटलं असतं तर खोटा पडलो असतो. एवढंच.

दिवस कलताना कळप आला. आम्ही वर दरडीपाशी होतो. नेहमीच्या वाटेवर धूर पाहून गवे बिथरले, आणि वळायला तर आम्ही जागाच ठेवली नव्हती. मोठा नर सरळ चुलीवरून गेला. आम्ही धावत खाली पोचलो तोवर कासाबाईत जीव नव्हता.

कुणी काही विचारायच्या आधीच माझ्या तोंडून निघालं — "मी बजावलं होतं, इथी चूल मांडू नको म्हनून. तिनं ऐकलं नाई."

डोमा माझ्याकडे आला. वाटलं, आता गळा धरतो. त्यानं पाय धरले.

"माफ करा भाऊ. तिची खोडच होती तशी. कोनाचंच ऐके नाई."

मी त्याला उठवलं. पाठीवरून हातही फिरवला — हो, तेही केलं.

पुढे त्याची पोरगी हट्टाला पेटली की तो तिला म्हणायचा, मायसारखी करू नको, नाई ऐकलं म्हनून मेली थे. मी समोर बसून हे ऐकलंय, त्याच्या घरचा चहा पीत. डोमा गेला तोही हेच खरं मानून.

कासाबाईनं ऐकलं होतं. माझंच ऐकलं होतं.