भट्टी थंड होती तो पाऊण तास

आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला तोंडावर सगळे मामा म्हणत आणि माघारी शंकासुर. चहात घालण्याआधी दूध हुंगणारा, कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा माणूस. तीस वर्षं निर्वात यंत्रं सांभाळून त्यांची एकच बढाई उरली होती, "माझ्या जोडातून हवा शिरत नाही."

मी तिथे प्रबंधासाठी राबत होते. अतिथंड हीलियमचे सूक्ष्म थेंब सोडायचे. वाटेतल्या छोट्या भट्टीतून वाफ झालेला एखादा रेणू थेंबाच्या पोटात शिरतो. मग इलेक्ट्रॉनांचा मारा करायचा आणि निघालेल्या कणांची वजनं आलेखात उभ्या काड्यांसारखी बघायची. एरवी रेणूच्या चिंधड्या उडतात. थेंबात तो अखंड राहतो, असं माझ्या मार्गदर्शक सरांचं ठाम म्हणणं, आणि माझी तीन वर्षं त्यावरच उभी होती. आलेखात मात्र एकोणीस वजनाची बारीक काडी डोकं वर काढत होती.

"पाण्याच्या रेणूला एक हायड्रोजन चिकटला की एकोणीस. बाहेरची दमट हवा आहे," सर म्हणाले. "मामांचा जोड गळतोय." अहवालातही तेच जाणार होतं. मामांच्या निवृत्तीला महिना राहिला होता.

मामांनी एकूण एक जोड तपासला. गळती सापडेना. मग ते माझ्या खुर्चीमागे उगाच रेंगाळू लागले, मी वळले की वही मिटू लागले. मला संताप यायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मंगळवारी त्यांनी ती वही माझ्यापुढे उघडली. दर पंधरा मिनिटांचा दाब, भट्टीचं तापमान, सगळं टिपलेलं.

"पोरी, पाच तारखेला पाऊण तास भट्टी थंड होती, पण थेंब चालू होते. रेणूशिवाय मोजून बघितलंस ना?"

"आठवत नाही," मी खोटंच म्हणाले.

"गळती असती तर काडी तेव्हाही दिसली असती. दिसली?"

दिसली नव्हती. काडी रेणूचाच तुकडा होती. थेंबातही तो फुटत होता. त्या पाऊण तासाचा आलेख मी पुसून टाकला होता आणि खापर त्यांच्या जोडावर फुटू दिलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

"सरांना सांगितलंत?"

"नाही. म्हटलं, आपलाच संशय चुकत असेल. चुकतोय का?"

मी भट्टी बंद केली आणि सरांना बोलावून आणलं. थेंब चालूच ठेवले. हळूहळू काडी खचत गेली आणि नाहीशी झाली. सर खुर्चीत बसले.

मामांनी वहीत वेळ लिहिली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"सही कर. तोंडी भरवसा मी कुणावर ठेवत नाही."